रुग्णांशी औषधांबद्दल बोलताना या चुका टाळा

पुण्यात फार्मसीचे आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी प्रबंधासाठी रुग्णांच्या मुलाखती घेतात, आणि बहुतेकांची गाडी पहिल्याच प्रश्नाला घसरते: "गोळ्या वेळेवर घेता ना?" तोही ओपीडीच्या रांगेत, अंगात पांढरा कोट घालून. समोरचा माणूस "हो, घेतो की" यापलीकडे काय बोलणार?

धनकवडीत एका आजींच्या घरी हेच झालं. प्रश्न आजींना, उत्तर सुनेचं: "अगदी वेळेवर!" विद्यार्थिनीने लिहूनही घेतलं. मी म्हटलं, "आजी, गोळ्या कुठे ठेवता, दाखवता का?" आजींनी फ्रीजवरून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. आत मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या पट्ट्या, कात्रीने एकेक गोळी सुटी केलेली, आणि महिना संपत आला तरी बऱ्याच उरलेल्या. "चतुर्थीला नाही घेत. रिकाम्या पोटी ढवळतं. आणि उपासाला साखर वाढेल कशाने?"

मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, म्हणूनच ती जेवणासोबत घ्यायला सांगतात. म्हणजे आजींचा अनुभव खराच होता. साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते, एवढंच त्यांच्या हिशेबात नव्हतं. पण आमच्या विद्यार्थिनीने तिथेच समजवायला सुरुवात केली, आणि आजी "बरं, बरं" करत मिटल्या. पुढे काही हाती लागलं नाही. मुलाखत चालू असताना शिकवू नका. सांगायचं ते रेकॉर्डर बंद झाल्यावर सांगा. धोक्याचं काही दिसलं, तर त्यांना विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी स्वतः "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं?" इथून सुरुवात करते. गोळी त्यात आपोआप येते. संशोधक रॉब हॉर्न आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये केलेली प्रश्नावली औषधाची गरज किती वाटते आणि त्याची धास्ती किती, या दोन्ही बाजू तपासते. आपले लोक फक्त गरजेचं विचारतात. "गोळी गरम पडते", "एकदा लागली की सुटत नाही" ही धास्ती ऐकायला थांबावं लागतं.

काढे, चूर्णं, शेजारणीने दिलेली गोळी हेही विचारा. नैतिकता समितीची मंजुरी आधी, मुलाखत नंतर.

"बारा मुलाखती पुरतात" हे तर ऐकून कान किटले. 2006 च्या ज्या अभ्यासाचा हवाला देतात, त्यात घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती होत्या, आणि बाराचा आकडा बऱ्यापैकी एकसारख्या गटापुरता होता. कोथरूडचे पेन्शनर आणि येरवड्यातल्या घरकाम करणाऱ्या बायका एकाच बारात कोंबून काम संपवायची घाई असेल, तर विषय बदला.