गरजूच्या घरी जायचं तर

नाताळात केक वाटायला आमच्याकडे माणसं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती जुलैच्या पावसात, एकट्या म्हातारीच्या घरी जायला. मी गोव्यातल्या म्हापशाची, गरजूंना घरी जाऊन मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल या ख्रिस्ती संस्थेच्या गटातली. नव्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

एकट्याने जाऊ नका, दोघं जा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी हे काम सुरू केलं, तेव्हापासून घरी जाऊन भेटणं हाच त्याचा गाभा आहे. चेक पाठवून ते होत नाही.

पहिल्या खेपेला सामानाची पिशवी नको. पिशवी दिसली की माणूस आभारच मानत बसतो आणि खरी अडचण पोटातच राहते. अगदीच अवघडल्यासारखं वाटलं तर पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, चार पाव न्या. चहा पुढे आला तर घ्या, नाही म्हणू नका.

औषधांचा डबा मात्र मागून बघा. एका आजीकडे प्रेशरच्या गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या सापडल्या. डॉक्टरांनी रोज एक सांगितलेली. ही महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होती. तोंडाने तिने कधी काही मागितलं नव्हतं.

मग विचारा, दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकार म्हाताऱ्यांना दरमहा देतं ते पैसे खात्यात येतात का? बंद झाले असतील तर बहुतेक वेळा हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो. रिक्षा करून बँकेत नेऊन आणलंत, तर किराण्यापेक्षा मोठं काम झालं.

सामान त्यांना विचारूनच भरा. कुणाला उकडे तांदूळ लागतात, कुणाला आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, सुके बांगडे. आपल्या कपाटातले विटके कपडे तर मुळीच नकोत.

‘ते आपल्यातले नाहीत’ असं कुणीतरी म्हणणारच. बाजारामागच्या खोल्यांत कानडी मजूर राहतात, त्यांच्याकडेही जा. बायबलातल्या मत्तयच्या २५ व्या अध्यायातला राजा भुकेल्याची, परक्याची, तुरुंगातल्याची गोष्ट काढतो. बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. प्रार्थना शेवटी, तीही विचारून. उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावण्यात काय अर्थ, असं याकोबाने पत्रात विचारलंच आहे.

फोटो काढू नका, ग्रुपवर तर टाकूच नका.

निघताना पुढचा वार सांगा आणि तो पाळा. जमणारच नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. फोन नसेल तर शेजारणीकडे निरोप ठेवा.