चावी काढली तरी इंजिन चालूच? डिझेल इंजिन बंद करताना या चुका टाळा

"मालक, चावी माझ्या हातात हाय, अन् इंजिन बंद होईना गेलंय!"

सोयाबीनची रास चालू होती आणि आखाड्यावरून पोराचा हा फोन आला. मी पोहोचेपर्यंत मंडळींनी बॅटरीची वायर काढून ठेवली होती. त्यानंही काही होईना म्हणून डिझेलचा कॉक बंद केला आणि सगळे बाभळीखाली जाऊन बसले. पाच-सात मिनिटांनी ट्रॅक्टरचं इंजिन आचके देत थांबलं. दुसऱ्या दिवशी डायनामो चार्जिंग करत नव्हता आणि डिझेलच्या लाइनीनं एअर घेतली होती, म्हणजे नळीत हवा शिरली होती. मूळ दुखणं मात्र एवढंच होतं की स्टॉपरची, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या ओढायच्या मुठीची, तार बोनेटखाली तुटली होती. डिझेल पंपावरची कडी बोटानं ओढली असती तर काम तिथंच मिटलं असतं.

चावी काढली की गाडी बंद, ही सवय पेट्रोलच्या मोटरसायकलीनं लावली. तिथं चावी फिरवली की प्लगची ठिणगी थांबते. डिझेलला प्लगच नाही. पिस्टन हवा सोळा-अठरा पटीनं दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. पंप एकदा फिरायला लागला की जुन्या ट्रॅक्टरला विजेची गरजच उरत नाही. त्याला थांबवायचं तर एक तर त्याचं खाणं तोडा, नाही तर श्वास. चालत्या इंजिनावर बॅटरी सोडवल्यानं यातलं काहीच होत नाही. उलट डायनामोचा करंट एकदम उसळतो आणि डायोड जळतात.

आधी आवाज ऐका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध देणं. इंजिन नेहमीच्या संथ चालीनं धकधकतंय, फक्त थांबत नाहीये, तर ते पंपाचंच डिझेल खातंय. घाबरायचं कारण नाही, चहा पिऊन दुरुस्त केलं तरी चालेल. पण एक्सलेटरला कोणी हात न लावता आवाज चढत चाललाय आणि सायलेन्सरातून निळसर-पांढरा धूर लोटतोय, तर ते स्वतःचंच इंजिन ऑइल पिऊ लागलंय. तिथं डिझेल तोडून उपयोग नाही, आणि हातात वेळही फार थोडा असतो.

पहिल्या प्रकारात स्टॉपर पूर्ण ओढून बघा. हाताला ढिला लागला तर तार तुटलीय किंवा क्लॅम्पमधून निसटलीय. दगडासारखा घट्ट असेल तर म्यानात गंजलीय. बोनेट उघडा, तार पंपाच्या ज्या कडीला जाते ती शोधा आणि तार ज्या दिशेनं ओढते त्याच दिशेनं कडी दाबून धरा. त्याआधी गळ्यातलं उपरणं काढून ठेवा, फॅन समोरच फिरत असतो. एवढं करूनही थांबलं नाही तर पंपाच्या आतला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकला असणार. अशा वेळी सपाट जागी, पुढं कोणी नाही हे बघून, दोन्ही ब्रेकची पेडलं एकत्र जोडून गच्च दाबायची, सर्वांत मोठा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडतं. हे फक्त संथ चालणाऱ्या इंजिनासाठी आहे. रेस झालेल्या इंजिनावर कराल तर ट्रॅक्टर उडी मारेल.

कॉक बंद करणं तसं चूक नाही, पण फिल्टर आणि नळ्यांमधलं डिझेल संपेपर्यंत वाट बघावी लागते आणि नंतर एअर काढत बसावं लागतं. पान्हा घेऊन नोझलची चालू लाइन ढिली करणं हा मात्र खरा जीवघेणा उद्योग. साध्या ट्रॅक्टरच्या नोझललाही दोनशे बारच्या आसपास दाब असतो, मागच्या टायरात जेमतेम एक-दीड बार. ती बारीक धार कातडीच्या आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर हळद लावून थांबू नका, त्याच दिवशी, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा.

ज्यांच्या पंपावर सोलनॉइड, म्हणजे चावीच्या करंटवर चालणारी डिझेलची झडप, आहे त्यांनी चावी चालू-बंद करून 'टिक' आवाज येतो का ऐकावं. आवाज येतो तरी इंजिन चालतंय, तर आतला प्लंजर कचऱ्यानं अडकलाय. बॅरलमधून न गाळता डिझेल ओतणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. आवाजच नाही, तर वायरिंग बघा. हौसेनं टेप आणि चार जादा लाइटी लावताना कोणी तरी चावीच्या वायरला जोड मारलेला असतो. चावी बंद केली तरी डायनामोचा करंट त्या जोडातून उलटा येऊन सोलनॉइडला जिवंत ठेवतो. गाणी वाजतात आणि इंजिनही वाजतं.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यात बहुतेक ठिकाणी कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल फवारणी, आली. तिथं चावी काढताच कॉम्प्युटर डिझेल तोडतो. तरीही इंजिन चालत राहिलं तर वायरी शोधत बसू नका, ते बहुधा ऑइलच खातंय.

इंजिन ऑइल पिऊ लागलं तर

आपला पाय आधी क्लचवर जातो. तीच चूक. नांगर मातीत असेल तर त्या ओझ्यानंच इंजिन आवरलेलं असतं. क्लच दाबला की ओझं सुटलं आणि आवाज आणखी चढला. गिअरमध्ये असाल तर गिअरमध्येच ठेवा आणि ब्रेक दाबा. मळणीयंत्र जोडलेलं असेल तर आधी माणसं लांब करा.

मग श्वास तोडा. एअर क्लीनरच्या वरची टोपी काढून नळीच्या तोंडावर जाड, सपाट फळी दाबायची. तळहात लावू नका, ओढ भयंकर असते. पोतं किंवा रुमालही नको, तो आत ओढला जातो. पाणी ओतणारेही भेटतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कार्बन डाय-ऑक्साइडचं सिलिंडर असेल तर त्याचा फवारा नळीत मारता येतो, पण आखाड्यावर ते कोणाकडे असतं? आणि आवाज किंचाळीवर गेला असेल तर फळी टाकून पळा. रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, तेव्हा बाजूला उभं राहणाऱ्याची खैर नसते.

हे होतं कशामुळे? टर्बोचं सील, झिजलेल्या रिंगा ही नेहमीची कारणं. पण आपल्याकडचं खास कारण म्हणजे एप्रिल-मेची नांगरट. काळ्या रानाची धूळ बघून माणूस म्हणतो, "धूळ लई हाय, एअर क्लीनरात ऑइल जरा जास्त टाक." क्लीनरच्या तळाशी धूळ धरणाऱ्या ऑइलची वाटी असते, तिच्यावर खूण असते, त्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल इंजिन सरळ ओढून घेतं. बांधावर ट्रॅक्टर तिरका झाला की आणखीच. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, जादा ओतलेलं ऑइलही ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, त्याच वाटेनं जातं. आणि न ओतताच पट्टीवर पातळी वाढलेली दिसली, बोटाला डिझेलचा वास आला, तर पंपाकडून चेंबरमध्ये डिझेल उतरतंय. तसं इंजिन सेल्फ मारून 'एकदा बघू' म्हणत चालू करू नका.

विहिरीवरच्या जुन्या एक सिलिंडर इंजिनाला डीकॉम्प्रेशनची दांडी असते. अडीअडचणीला ती उचलून थांबवता येतं, पण रोज तसं बंद करू नका, व्हॉल्व्हला मार बसतो.

आमच्या पोरानं तार बदलली, ग्रीस भरलं, एकानं स्टॉपर ओढायचा आणि दुसऱ्यानं पंपाची कडी शेवटपर्यंत जाते का बघायचं, अशी तपासणीही केली. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन, "मालक, आता चालूच होईना गेलंय." अर्धा तास सेल्फ मारून बॅटरी उतरवली होती. स्टॉपर रात्रीपासून बाहेर ओढलेलाच होता.