गरोदरपणी संशोधनाच्या कागदावर सही करण्याआधी

म्हापशाचं आझिलो असो, मडगावचं हॉस्पिसियो असो की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), गोव्यातलं कुठलंही सरकारी इस्पितळ. तपासणीच्या रांगेत बसल्यावर कुणी फाईल घेऊन शेजारी आलं आणि ‘एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?’ असं विचारलं, तर उत्तर तिथल्या तिथे द्यायचं नाही. माहितीपत्रक मागून घ्यायचं आणि घरी न्यायचं. मराठीत, कोकणीत, ज्या भाषेत नीट कळतं त्या भाषेत मागायचं. कागद घरी नेऊ देत नसतील तर विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर आधी एवढंच शोधा: यात नुसती विचारपूस आहे, नमुने घ्यायचे आहेत, की काही औषध-उपचार द्यायचा आहे?

विचारपूस हलकी वाटते, पण प्रश्न मनःस्थितीचे किंवा घरातल्या मारझोडीचे असू शकतात. सासूबाई शेजारी असताना खरी उत्तरं देता येत नाहीत. म्हणून वेगळी खोली मागा आणि फोन नंबर नवऱ्याचा न देता स्वतःचा द्या. असे अभ्यास गोव्याला नवे नाहीत. ‘संगाथ’ संस्थेच्या एका अभ्यासात इथल्याच प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांतून नैराश्याची लक्षणं असलेल्या २८० गरोदर बायका घेतल्या होत्या. त्यात गोळी नव्हतीच. वस्तीतल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या बायका येऊन त्यांच्याशी ठरावीक पद्धतीने बोलत, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत पाठपुरावा होता.

नमुन्यांच्या बाबतीत मिलिलिटर विचारा. रक्ताच्या एका नळीत साधारण २ ते ५ मिली रक्त जातं. ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या वेळीच अभ्यासाची नळी भरून घेता येते का ते विचारा, दुसरी सुई वाचते. नाळेतलं रक्त हवं असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; नमुन्यासाठी घाई होणार नाही, हे कागदावर हवं. उरलेला नमुना किती वर्षं ठेवणार, जनुकीय तपासणी करणार का, यासाठी बहुधा वेगळे चौकोन असतात. मुख्य अभ्यासाला हो आणि तिथे नाही म्हणता येतं का, ते विचारून घ्या. आणि संशोधनाची सोनोग्राफी असली तरी मुलगा की मुलगी हे कुणी सांगू शकत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा तिथेही लागू आहे.

औषधाचा अभ्यास असेल तर सावकाश वाचा. २०१९ च्या नवीन औषधं व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनुसार गरोदर बाईला चाचणीत घ्यायचं ते फक्त औषध गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या बायका, गर्भ किंवा अंगावरचं बाळ यांच्यासाठी असेल आणि इतर बायकांवरच्या माहितीने काम भागत नसेल तेव्हाच. अशा चाचणीत बायकांचे गट पाडतात. कुठल्या गटात जायचं हे डॉक्टर ठरवत नाहीत, संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. एका गटाला औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी असू शकते. बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांतल्या केंद्रांत झालेल्या अ‍ॅस्पिरिनच्या अभ्यासात असंच होतं: पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅमची गोळी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सदतीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १३.१ टक्के निघालं. तुमच्या वाट्याला कुठलीही गोळी आली तरी आरोग्य केंद्रातली नेहमीची लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड) आणि कॅल्शियम चालूच राहणार ना, हे विचाराच.

त्या अभ्यासात गोळी सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू करायची होती. अशा आठवड्यांच्या अटीवरच बऱ्याच जणी बाहेर पडतात. शेवटच्या पाळीची तारीख ‘गणेश चवथीच्या आसपास’ अशी सांगितली की दोन आठवडे इकडचे तिकडे होतात. आठवडे नीट कळावेत म्हणून चौदाव्या आठवड्याआधीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत ठेवा.

कागदावर तीन गोष्टी बोट ठेवून शोधा. पहिली, नीतिमत्ता समितीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हितासाठी अभ्यास तपासणाऱ्या समितीची मंजुरी. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यात एक तरी स्त्री आणि एक तरी सामान्य नागरिक हवा. दुसरी, सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक. तो संकेतस्थळावर टाकून पाहणं फुकट आहे. ठिकाणांच्या यादीत तुमचं इस्पितळ आहे का ते बघा. तिसरी, नुकसान झालं तर कोण भरणार. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. चाचणीमुळे पोटातल्या बाळाला अपाय झाला तर तोही भरपाईच्या नियमात येतो. गंभीर घटना संशोधकाने २४ तासांत कळवायची असते आणि बाळातलं जन्मजात व्यंग त्यातच मोडतं. प्रवासखर्च आणि बुडालेली रोजंदारी हा वेगळा हिशेब. सत्तरीतल्या गावातून दोन कदंबा (सरकारी बसगाड्या) बदलून बांबोळीला यायचं, तर तो आधीच बोलून घ्या.

सही तुमची. नवऱ्याशी, आईशी जरूर बोला, पण त्यांची सही तुमच्या सहीच्या जागी चालत नाही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं समजावून सांगेपर्यंत हजर हवा. कळा सुरू झाल्यावर कुणी पहिल्यांदाच कागद पुढे केला तर नाही म्हणायला अजिबात कचरू नका. सहीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

खरी गडबड पुढे होते, आणि ती बहुतेक वेळा माहेरामुळे. सातव्या-आठव्या महिन्यात सावंतवाडीला नाहीतर कारवारला गेलं की तपासण्या चुकतात, आणि बाळंतपणाच्या खोलीतल्या डॉक्टरला अभ्यासाचा पत्ताच नसतो. माहेरचा पत्ता आणि जायची तारीख सुरुवातीलाच सांगा. अभ्यासाचं नाव, तुमचा क्रमांक आणि रात्रीही लागेल असा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती माता-बाल कार्डाच्या आतल्या बाजूला चिकटवा. गोळीत औषध आहे की नाही, हे गरज पडली तर त्या नंबरावरून उघड करता येतं. चवथीच्या आठवड्यातली तारीख घेऊच नका, पाळली जात नाही. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लपवू नका; ती तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. घरचा काढा, वैद्याचं चूर्ण, डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळी, सगळं सांगा.

बाहेर पडायचं असेल तर कधीही पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फक्त औषध मनाने एकदम बंद करू नका. फोन करून कसं थांबवायचं ते विचारा, आणि बाळाची पुढची तपासणी कोण करणार तेही. रिकाम्या आणि उरलेल्या पट्ट्या परत द्यायच्या असतात, तिथे गोळ्या मोजतात. गरोदर शेजारणीला त्या देऊ नका.