कळलावी कुंडीत लावायचीय? मग कंदाचं टोक जपा

पावसाळ्यात कुंपणावर चढलेली, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं दिसली ना, ती कळलावी, कुणी अग्निशिखा म्हणतं तर कुणी खड्यानाग. आपल्या सह्याद्रीतली रानवेल आहे, कंदातून दरवर्षी नव्याने उगवते आणि कुंडीत छान येते.

पण आधी एक गोष्ट नीट वाचा. ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि तो पोटात गेला तर जीवावर बेततं. दिसायला रताळ्यासारखा वाटतो म्हणून स्वयंपाकघरात चुकूनही ठेवू नका. हाताळताना ग्लोव्हज घाला, आणि घरात रांगतं मूल किंवा सगळं चावत सुटणारं कुत्रं असेल तर सरळ दुसरं काहीतरी लावा.

कंद रानातून उपटू नका प्लीज, औषधासाठी आधीच खूप खणले जातात, नर्सरीत मागितले तर मिळतात. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि कोंब फक्त टोकाच्या डोळ्यातून येतो, मध्येच कापून दोन तुकडे केले आणि एकाला डोळाच नसला तर तो तुकडा नुसता कुजतो. टोक काचेसारखं ठिसूळ असतं, माझ्या पहिल्या कंदाचं पिशवीतून काढतानाच मोडलं आणि मी पूर्ण पावसाळा रिकाम्या कुंडीला पाणी घालत बसले, म्हणून एवढं सांगतेय.

मे अखेरीस किंवा मृगाच्या आसपास लावा. कुंडी 12 इंच तरी खोल हवी, खाली भोकं मोकळी हवीत, आणि माती, वाळू, शेणखत साधारण सारखं घ्या म्हणजे पाणी साचत नाही. कंद आडवा ठेवून वर 2-3 इंच माती टाका. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचंच, मग मात्र वाढीला लागली की नियमित. आधाराला जाड बांबू देऊ नका, कारण ही वेल पानाच्या शेंड्याने धरून चढते, तो शेंडाच वळून स्प्रिंगसारखा होतो आणि त्याला बारीक काहीतरी लागतं, सुतळी, जाळी, वाळक्या काटक्या असं. ऊन सकाळचं चार-पाच तास मिळालं तरी पुरतं.

काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी वेचा, दोन दिवसांत पानं साफ करतात.

फुलं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कळी हिरवट असते, उमलताना सहाही पाकळ्या मागे वळतात, आधी पिवळ्या-तांबड्या आणि मग पूर्ण लाल, त्यामुळे एकाच वेलीवर निरनिराळ्या रंगांची फुलं दिसतात, ते बघायला मी रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसते.

दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडायला लागते तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, मेली नाहीये ती, झोपायला चाललीय. जुना कंद सुकून खाली नवा तयार झालेला असतो. पाणी कमी करत बंद करा, वाळलेली वेल कापा आणि कुंडी पाऊस-पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात तशीच ठेवा. उकरून बघायचा मोह आवरा, टोक मोडतं!

बियांपासूनही येते, पण फुलाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं. बिया नको असतील तर शेंगा हिरव्या असतानाच काढून टाका, पिकून फुटल्या की आतले लाल-केशरी दाणे पोरांना मणी वाटतात.