उंडीचे बी रुजवायचे तर आधी कवच फोडा

पावसाच्या तोंडाला समुद्रालगत उंडीचे झाड लावायचे असेल, तर बियांची तयारी हिवाळ्यातच हवी. रोप वीतभराहून थोडे उंच, म्हणजे लावणीजोगे व्हायला चार-पाच महिने सहज जातात. बी रुजायलाच किती वेळ लागणार, हे मात्र कवचावर अवलंबून असते. अख्खे बी तसेच पेरले तर कोंब दिसायला सरासरी 57 दिवस लागतात. कवचाला नुसती चीर पाडली तर 38, आणि कवच पूर्ण काढून आतला गर पेरला तर 22. रुजण्याचे प्रमाणही सोललेल्या बियांतच जास्त असते. तरीही बहुतेक जण अख्खे बी पुरतात आणि महिन्याभराने 'बीच खराब होते' म्हणून वाफा मोडून टाकतात.

फळ पिकले की हिरव्याचे पिवळसर होते, पुढे तपकिरी पडून सुरकुतते. झाडाखाली नुकतीच पडलेली फळे गोळा करा. जुनी, भोके पडलेली घेऊ नका. इथे एक नेहमीची सवय मोडावी लागेल: पाण्यात टाकून तरंगते ते बी फेकायचे, ही परीक्षा उंडीला लावू नका. उंडीचे चांगले बीसुद्धा तरंगते. समुद्राच्या पाण्यावरून दूरच्या किनाऱ्यांना लागूनच तर हे झाड पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पोचले. खात्री करायची तर ढिगातली चार-पाच बिया फोडून पाहा. गर भरलेला, फिकट आणि घट्ट असावा.

आता फोडणे. फळ रात्रभर पाण्यात भिजवा म्हणजे वरची साल हाताने चोळून निघते. खाली गुळगुळीत, टणक, गोटीसारखे कवच लागते. ते दगडावर ठेवून हातोडीचा जोरदार घाव घातला की गराचा चेंदा होतो. त्यापेक्षा शिकंजा किंवा सुताराची पकड वापरून हळूहळू दाब द्या. 'कट्' असा आवाज आला की थांबा, बी थोडे फिरवा, पुन्हा दाबा. कवचाच्या आत बुचासारखा मऊ थर असतो, तोही नखाने सोडवून घ्या. गराला ओरखडा गेला असेल तर ते बी बाजूला काढा, कारण उघडा गर ओल्या मातीत लवकर कुजतो. झाडाचा चीक डोळ्यांना आणि त्वचेला त्रासदायक असतो, म्हणून हातमोजे घाला. गर तेलकट असला तरी खाण्याजोगा नाही, लहान मुलांपासून लांब ठेवा.

सोललेला गर त्याच दिवशी पेरावा. पोयटा माती, वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत असे भुसभुशीत मिश्रण उंच पिशवीत भरा. उंच अशासाठी की सोटमूळ आधी खोल जाते, आणि आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळते. असे रोप जमिनीत गेल्यावर वाऱ्यापुढे टिकत नाही. बी आडवे ठेवून वर बोटाच्या पेराएवढी माती टाका. पाणी झारीने, माती ओलसर राहील इतकेच. बीजदले जमिनीतच राहतात, त्यामुळे वर दोन डाळी दिसण्याची वाट पाहू नका. सरळ कोंबच येतो. मग समोरासमोर चकचकीत पाने फुटतात.

सुरुवातीला हलकी सावली द्या, लावणीआधी महिनाभर ती टप्प्याटप्प्याने काढा. एकदम उन्हात नेलेली रोपे पाने टाकतात.

वाळूची जमीन, खारा वारा, समुद्राचे तुषार हे सगळे उंडी सोसते. थंडीचा कडाका आणि आग मात्र सोसत नाही. पहिली दोन वर्षे तणापुढे तिचे काही चालत नाही, म्हणून बुंध्याभोवतीचे आळे स्वच्छ ठेवा आणि पालापाचोळ्याचे आच्छादन करा. फुले यायला 7-8 वर्षे लागू शकतात. पांढरी पाकळी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका आणि सुवास. मधमाश्या भरपूर येतात.

झाड डेरेदार होते, फांद्या आडव्या पसरतात. वाऱ्याला आडोसा म्हणून ओळीत लावत असाल तर जवळ चालते. एकटे लावायचे तर घर, वाहनतळ आणि पायवाट यांपासून अंतर ठेवा, कारण गोट्यांसारखी टणक फळे पडतात आणि त्यांवरून पाय घसरतो.