निर्यात द्राक्षांसाठी पोर्टरच्या पाच शक्ती: कागद कसा मांडायचा

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये धंद्यावर दाब आणणाऱ्या पाच शक्ती मांडल्या: आपसातली स्पर्धा, नव्याने शिरणारे, पर्यायी माल, पुरवठादारांचा जोर आणि गिऱ्हाइकाचा जोर. जग एक बाजार झाल्यावर हे जुनं पडलं, असं अनेकदा ऐकू येतं. नाशिकमधल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाला लावून पाहा, पाचही शक्ती सापडतात. गफलत होते ती आपला बाजार नेमका कोणता, हे ठरवताना.

म्हणून प्रत्येक शक्तीला एक रकाना असा कागद आखा आणि त्याच्या डोक्यावर आधी तीनच गोष्टी लिहा: एक वाण, एक देश किंवा प्रदेश, एक कालखंड. उदाहरणार्थ, 'थॉमसन, युरोप, फेब्रुवारी-मार्च'. नुसतं 'नाशिकची द्राक्षं' लिहिलंत तर शेजारचा बागायतदारच प्रतिस्पर्धी वाटायला लागतो. युरोपात खरी गाठ दक्षिण आफ्रिका आणि चिलीच्या मालाशी असते. बांगलादेशचा कागद वेगळा करा. तिथे आयातशुल्कच सगळं गणित फिरवतं.

सर्वांत जास्त वेळ गिऱ्हाइकाच्या रकान्याला द्या. युरोपातली विक्री मोजक्या सुपरमार्केट साखळ्यांच्या हातात आहे. त्यांतल्या काही जणी औषधांचे अवशेष कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालवून घेतात, शिवाय एका नमुन्यात किती औषधांचे अंश सापडावेत यालाही मर्यादा घालतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड (सीसीसी) या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे युरोपात आपला माल अडकला, तो दाब याच रकान्यातला. इथे तीन उत्तरं लिहा: गेल्या हंगामात एकाच खरेदीदाराकडे किती टक्के माल गेला, दर बागेत ठरला की कन्साइनमेंटवर (म्हणजे माल तिकडे विकला गेल्यावर), आणि माल नाकारला गेला तर भाडं कोणाच्या डोक्यावर. निम्म्याहून जास्त माल एकाकडेच जात असेल, तर नवं लागवड क्षेत्र वाढवण्याआधी दुसरा खरेदीदार शोधा.

पुरवठादार म्हटलं की लोक खत-औषधांचं दुकान लिहून मोकळे होतात. खरा जोर असतो तो रीफर (थंड) कंटेनर देणाऱ्यांचा, पेटंट असलेल्या वाणांच्या मालकांचा आणि पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांचा. विरळणीच्या (घडातले जादा मणी काढण्याच्या) दिवसांत टोळी मिळाली नाही तर मण्याचा आकार बसत नाही, आणि तो माल स्थानिक दराने जातो. पर्यायी मालासाठी दोन ओळी पुरेत: सुपरमार्केटच्या त्याच फळीवर ब्लूबेरी आणि संत्रीही असतात.

पोर्टर सरकारला सहावी शक्ती मानत नाहीत. ते या पाचांमधूनच काम करतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मते नाशिकमध्ये तरी 'सरकार आणि समुद्र' असा वेगळा रकाना हवाच. कांद्याचंच बघा: निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्कासह सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्क गेलं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हा या रकान्यात एक हिशेब मांडाच: बोट दोन आठवडे उशिरा पोचली तर पेटीमागे भाडं किती वाढेल, आणि देठ तेवढे दिवस हिरवा राहील का?

नवं वाण लावायचं असेल तर अॅन्सॉफ यांची १९५७ ची चौकट हाताशी ठेवा; माल जुना की नवा आणि बाजार जुना की नवा, हे ती चार खान्यांत मांडते. नवं वाण जुन्या बाजारात न्या किंवा जुनं वाण नव्या बाजारात. दोन्ही एकदम नवं केलं तर नुकसान कशामुळे झालं हेही कळत नाही, आणि लागवडीपासून पहिलं चांगलं पीक यायला साधारण दोन वर्षं जातात.

कागद ऑक्टोबर छाटणीच्या आधी भरा. छाटणीची तारीख ठरली की माल कोणत्या आठवड्यात बाजारात उतरणार हेही ठरून जातं. डिसेंबरअखेरीस तोच कागद पुन्हा काढा आणि फक्त शुल्क, भाडं आणि दक्षिण आफ्रिकेच्या आवकेचे आकडे बदला.