नाल्याचं गणित मांडताना या चुका टाळा

सिव्हिलच्या मुलांचा जलविज्ञानाचा रिपोर्ट हातात आला की मी आधी पावसाच्या तीव्रतेचा आकडा शोधतो. बहुतेक रिपोर्ट तिथेच फसलेले असतात. तहसीलच्या नोंदीतला दिवसाचा पाऊस घ्यायचा, 24 ने भागायचा आणि जो आकडा येईल तो रॅशनल फॉर्म्युल्यात (गुणांक, तीव्रता आणि क्षेत्र यांच्या गुणाकारातून पुराचा विसर्ग काढायचं सूत्र) टाकायचा. याला तीव्रता म्हणत नाहीत.

गणित करूनच पाहा. पाणलोट 2 चौरस किलोमीटर, नाल्याची लांबी 2 किलोमीटर, उतार 100 ला 1, रनऑफ गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा) 0.5. दिवसाचा पाऊस 120 मिमी. 24 ने भागलं की तासाला 5 मिमी, म्हणजे विसर्ग जेमतेम 1.4 क्युमेक (सेकंदाला घनमीटर). आता किरपिचच्या सूत्राने संकेंद्रण काळ (पाणलोटाच्या टोकाचं पाणी तुमच्या जागेपर्यंत यायला लागणारा वेळ) काढा, तो येतो सुमारे 40 मिनिटं. म्हणजे तुम्हाला हवी ती 40 मिनिटांच्या पावसाची तीव्रता. ती तासाला 60 मिमी धरली तर विसर्ग 16.7 क्युमेक होतो. बारा पट फरक!

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पांदण रस्त्यावर अशाच गणितावर मोरी उभी राहिली होती. 900 मिमीचे दोन ह्यूम पाइप, वर भराव. जुलैत एका दुपारी जोराचा पाऊस झाला. वरून पऱ्हाट्या आणि तुराट्या वाहून आल्या, पाइपांची तोंडं बुजली, पाणी रस्त्यावरून चढलं आणि दोन्ही बाजूंचा भराव घेऊन गेलं. पाइप जागेवर होते, रस्ता नव्हता. खालच्या अंगाच्या शेतातलं सोयाबीन मातीसकट खरवडून निघालं. मी पाहणीला गेलो तेव्हा त्या शेताचे मालक म्हणाले, "सायेब, पानी घंटाभरच आलं, पन आमचं वावर घेऊन गेलं." त्या दिवशीचा नोंदवलेला पाऊस फार मोठाही नव्हता. सगळा घात त्या एका तासाने केला. मोरीपासून जवळच एका जुन्या निंबाच्या खोडावर आधीच्या पुराची खूण होती, गावातल्या कोणालाही विचारलं असतं तरी दाखवली असती.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी नाल्यावर जायचं, दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं गाठून पाणी कुठवर चढतं ते विचारायचं. त्या पातळीवरून नाल्याचा छेद आणि उतार मोजून मॅनिंगच्या प्रवाहसूत्राने विसर्ग काढायचा. मगच सूत्राकडे वळायचं. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर सूत्रात काय भरलं ते पुन्हा तपासा, खुणेला खोटं ठरवू नका. मोबाइलवर नकाशा उघडून दहा मिनिटांत डिझाइन संपवणाऱ्यांना हे जड वाटतं. पण ज्याने नाला पाहिलेला नाही त्याने त्यावर मोरी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक काळ्या मातीची. आपल्याकडची कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांत जिरतो, नाला कोरडाच राहतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये आला तर पूर येतो. तरी मुलं वर्षभराला एकच गुणांक लावतात. कर्व्ह नंबर पद्धत याचसाठी शिकवतात: माती, पीक आणि ओलावा पाहून जमिनीला 100 पर्यंतचा नंबर द्यायचा, नंबर जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहणार. सरासरी ओलाव्याला नंबर 80 धरा आणि 60 मिमी पाऊस घ्या. जमीन कोरडी असेल, म्हणजे पीक उभं असताना आधीच्या पाच दिवसांत 35 मिमीहून कमी पाऊस असेल, तर नंबर 64 च्या आसपास उतरतो आणि अपधाव (वाहून जाणारं पाणी) 2 मिमीसुद्धा भरत नाही. मध्यम ओलाव्यात तो सुमारे 25 मिमी, आणि पाच दिवसांत 53 मिमीहून जास्त पडून गेला असेल तर जवळपास 39 मिमी. पाऊस तोच, जमीनही तीच. इथे आणखी एक गोम आहे: सुरुवातीची गळती (पाणी वाहू लागण्याआधी अडणारा आणि जिरणारा पाऊस) एसच्या, म्हणजे नंबरवरून निघणाऱ्या जमिनीच्या कमाल धारणक्षमतेच्या, पटीत मोजतात; ती काळ्या मातीला कोरड्या स्थितीत 0.3 एस आणि बाकी दोन्ही स्थितींत 0.1 एस धरतात. पाठ्यपुस्तकातला 0.2 डोळे मिटून उचलू नका.

इंग्लिसचं पूरसूत्र पश्चिम घाटातल्या पाणलोटांवरून बसवलेलं आहे. ते वर्ध्याच्या किंवा पूर्णेच्या सपाट खोऱ्यात लावू नका.

एककं! रॅशनल फॉर्म्युल्यातला गुणाकार क्युमेकमध्ये आणताना क्षेत्र हेक्टरमध्ये असेल तर भागायचं 360 ने, चौरस किलोमीटरमध्ये असेल तर 3.6 ने.

पूर्णेच्या खोऱ्यात 20 मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) इतक्या दूरदूर पडतात की टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरून) पाणलोटाची हद्द ठरवणं म्हणजे अंदाजच. कालव्याचा भराव किंवा रस्त्याची कडा पाणी भलत्याच नाल्यात वळवते. हद्द पायी फिरून पक्की करा.

50 वर्षांचा पूर 50 वर्षांतून एकदाच येतो असं लिहिणाऱ्यांचे मी गुण कापतो. दरवर्षी त्याची शक्यता 2 टक्के असते, आणि 25 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के भरते. गावच्या सरपंचांना "आता पन्नास वर्षं काळजी नाही" असं सांगून येऊ नका, लोक त्या भरवशावर नाल्याकाठी घरं बांधतात.

पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत असेल तर त्याचे आकडे वापरू नका. अडथळा स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. नोंदवहीत रिकामी जागा दिसली तर तिथे शून्य भरू नका, त्या दिवशी कोणी मोजलंच नसेल. आणि तारीख नीट पाहा: नोंद सकाळी साडेआठला होते आणि त्याच दिवसाच्या तारखेला लिहिली जाते, पाऊस मात्र बराचसा आदल्या दिवशीचा असतो. तुमच्या आलेखात पूर पावसाच्या आधीच येताना दिसला, तर सूत्रं बदलत बसू नका. आधी पावसाचा रकाना एक दिवस मागे सरकवून बघा.